थांबायला सगळ्यांची चारच

मक्या,

तू गेल्यापासून मी वाचतोय. हसू नकोस. ज्या माणसाने गाडीचं मॅन्युअल कधी ग्लव्हबॉक्समधून बाहेर काढलं नव्हतं, तो माणूस गेले अडीच महिने ऑल-व्हील ड्राइव्हवर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाड्यांवर, मिळेल ते वाचतोय, बर्फात घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघतोय, वहीत आकृत्या काढतोय. केतकी म्हणते, "अरे, आता भांडणार कुणाशी आहेस?" बायकोचं म्हणणं बरोबर आहे. पण मला एक मुद्दा सापडलाय, आणि तो ऐकायला तू नाहीस याचा मला मनापासून राग येतो.

मुद्दा असा. बर्फाच्या उतारावर, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता गाडी सोडली, की इंजिन तिला मागे ओढून धरतं. तुझ्या गाडीत ती ओढ पुढच्या दोनच चाकांवर येते. माझ्या गाडीत ती चारही चाकांत वाटली जाते, म्हणून गाडी जास्त सरळ उतरते. म्हणजे उतारावर ऑल-व्हीलचा काहीच उपयोग नाही, हे तुझं वाक्य शंभर टक्के खरं नाही. ऐंशी टक्के खरं आहे. उरलेले वीस टक्के माझे. तू असतास तर डोळे बारीक करून म्हणाला असतास, "पण त्या दिवशी तू खालच्या गिअरमध्ये होतास का?"

नव्हतो.

आपली ओळख झाली तीही अशाच तपासणीतून. इथे सिडनीत, पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानात मी पोह्यांचं पाकीट उचललं आणि शेजारून एका अनोळखी माणसाने मराठीत सांगितलं, "पुढचं घेऊ नका. मागचं घ्या, त्याची तारीख लांबची आहे." मी आडनाव विचारायच्या आत तू मला तीन पाकिटांच्या तारखा वाचून दाखवल्यास. तू टेस्टर, मी डेव्हलपर. मी म्हणायचो चालतंय, तू म्हणायचास चालवून दाखव. सतरा वर्षं आपण हेच बोललो, फक्त विषय बदलत गेले.

तुझ्या स्नो चेन मी पहिल्यांदा बघितल्या त्या भर जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, गिरावीनला, तुझ्या ड्राइव्ह-वेमध्ये. बर्फावर टायरला पकड यावी म्हणून चाकाला गुंडाळायच्या त्या साखळ्या. बाहेर अडतीस डिग्री, आणि तू जुन्या योगा-मॅटवर गुडघे टेकून, तुझ्या बायकोचे, अनघाचे, भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून, पुढच्या चाकाला चेन लावत होतास. फोनवर घड्याळ सुरू. शेजारचा म्हातारा पाण्याची नळी धरून उभा होता. त्याने विचारलं, "Expecting snow this arvo, mate?" आणि तू मान वर न करता म्हणालास, "No worries, I'm ready." तुझं म्हणणं होतं की वर डोंगरात हात गारठलेले असतात, अंधारून आलेलं असतं, मागून गाड्या येत असतात, तिथे शिकायला बसलो तर झालंच. जे थंडीत करायचं ते उन्हात शिकून ठेवावं. मी त्या दिवशी तुझा व्हिडिओ काढून आपल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यावर हसणाऱ्या एकोणीस खुणा आल्या होत्या. तुझीही एक होती.

मग मी ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली. कोविड यायच्या थोडं आधीची गोष्ट. क्वेकर्स हिलला आमच्या दारात पूजा झाली, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ, आणि चारही चाकांखाली लिंबं. तू म्हणालास, "माझ्या गाडीला दोनच लिंबं पुरली होती. उरलेली दोन चाकं आपली नुसती मागून येतात." सगळे हसले. मग तू खाली वाकून लिंबू नीट सरकवलंस आणि तसाच, उकिडवा बसून, मला पहिल्यांदा ते वाक्य सांगितलंस: "संज्या, पळायला तुझी चार आणि माझी दोन. थांबायला मात्र सगळ्यांची चारच."

मला ते तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर मला ते चमकदार वाटलं आणि म्हणूनच खोटं वाटलं. आता कळतं की ते किती साधं आहे. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, स्वस्त गाडीच्याही. इंजिनाची ताकद दोन चाकांना द्या की चार चाकांना, ब्रेक दाबल्यावर तो हिशेब मिटतो. उरतो तो टायरचा रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा तुकडा आणि त्याखालचा बर्फ. ऑल-व्हीलमुळे त्या तुकड्याचं रबर बदलत नाही. वळतानाही तेच. आणि आपण सिडनीकर तर बाराही महिने उन्हाळ्याच्याच टायरवर फिरणारे. मी हे वाचलं त्या दिवशी उठून तुला फोन लावायला गेलो होतो. नंबर अजून वरच आहे.

आता ती ट्रिप. तू कधी तिच्याबद्दल बोलला नाहीस, म्हणून मलाच बोलायला हवं.

पहिला लॉकडाऊन उठला होता, माणसं घरात आंबली होती, तेव्हा जुलैत आपण बर्फ बघायला निघालो. माझी गाडी, मी, तू आणि मागे आमची लेक ईरा, कानात गाणी घालून. अनघा आणि केतकी म्हणाल्या, थंडी तुम्हालाच लखलाभ. निघायच्या आदल्या दिवशी तू फोन केलास, "तुझ्या टायरचा साइज सांग." मी सोफ्यावर पडलो होतो. मी म्हणालो, "तुझ्यासारखाच असेल रे." तू म्हणालास, "जाऊन बघ ना." मी "बघतो" म्हणालो आणि बघितलं नाही.

वाटेत तू नियमावरून सुरू झालास. मी म्हटलं, नॅशनल पार्कात हिवाळ्यात टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांना चेन सक्तीच्या आहेत, ऑल-व्हीलला नाहीत. म्हणजे सरकारच माझ्या बाजूने आहे. तू म्हणालास, "सक्ती नाही म्हणजे नकोत असं नाही. पलीकडच्या व्हिक्टोरिया राज्यात तुझ्यासारख्यांनाही चेन ठेवाव्या लागतात. बॉर्डर ओलांडली की बर्फ बदलतो का रे?" मी आवाज चढवला. डोंगराच्या पायथ्याशी, जिंडाबाइनला, तू म्हणालास, "थांब, इथे चेन भाड्याने मिळतात. तुझा साइज नक्की नाही." मी थांबलो नाही. तू आणल्या आहेस ना, म्हटलं.

आणि चढ सुरू झाला, आणि माझी गाडी काय चढली! खोटं कशाला बोलू, तो आनंद मी विसरलेलो नाही. एका कडेला एक लहान गाडी चाकं गरागरा फिरवत जागच्या जागी उभी, तिचा मालक चिखलात आडवा होऊन चेन लावतोय, आणि आपण बाजूने गुपचूप वर. मी म्हटलं, "बघ!" तू बाहेर बघत नव्हतास, तू डॅशबोर्डवरचं तापमान बघत होतास.

याच ठिकाणी माझी फसगत झाली. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, माझं मीच शोधलं, म्हणून तुला सांगतो. त्या लहान गाडीची चाकं फिरली, तेव्हा तिच्या मालकाला कळलं की रस्ता निसरडा आहे. माझ्या गाडीने मला काही कळूच दिलं नाही. ती कुरकुरली नाही, म्हणून मला वाटलं रस्ता चांगला आहे. चढताना जी काही त्रास देत नाही, ती उतरताना का देईल, असं मी धरून चाललो.

वर आपण मजा केली. ईराने तुला बर्फाचे गोळे मारले, तू थर्मासमधला चहा दिलास. दुपारनंतर बर्फ पडायला लागला तेव्हा तू पिशवी काढलीस, चेन माझ्या चाकाशी धरलीस, आणि ती पुरली नाही. चार बोटं कमी. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "झालं? विषय संपला. चल." तू म्हणालास, "कुणाकडे मिळतात का विचारू." मी इंजिन चालू केलं.

उतरताना सावलीतलं ते डावं वळण. मी ब्रेक दाबला आणि गाडीने ऐकलं नाही. पायाखाली पॅडल थरथरत होतं, स्टिअरिंग वळलेलं होतं आणि आपण सरळ चाललो होतो, अगदी शांतपणे. मी आणखी जोरात दाबला. तेव्हा तू ओरडलास, "ब्रेक सोड! संज्या, ब्रेक सोड!" मी सोडला नाही. उजव्या हाताला कठडा होता आणि त्याच्यापलीकडे काही नव्हतं. कसं कोण जाणे, शेवटच्या क्षणी पुढच्या चाकाला कशाची तरी पकड मिळाली, गाडी डावीकडे वळली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली. बंपर तुटला, एक दिवा गेला. मागून एक युटवाला, छोट्या पिकअपवाला, थांबला. खिडकीतून डोकावून म्हणाला, "You right, mate? All-wheel drive, yeah? We get a few of youse." तू हसलास. मी नाही.

परतताना तू चकार शब्द बोलला नाहीस. मी माझी चूक कबूल करेन म्हणून वाट बघत होतास का? की तूही माझ्यासारखाच घाबरला होतास? हे मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी तुटक्या बंपरचं कारण विचारलं. मी लिहिलं, "हा मक्या असा काही किंचाळला, की मी दचकून ब्रेक मारला!" पुढे हसऱ्या खुणा. दोन सेकंदांत टाइप केलेलं एक वाक्य. मी वाट बघत होतो, की तू आता माझं पितळ उघडं पाडशील. तू फक्त एक हात जोडलेली खूण टाकलीस.

त्या दिवसापासून तू 'हॉर्न' झालास. तुझ्या वाढदिवसाच्या झूमवर सगळ्यांनी एकदम पोंपों केलं, आठवतं? तू कान झाकून हसलास. अनघाने कॅमेऱ्याबाहेरून विचारलं, "खरंच इतका ओरडला हा?" आणि मी, मक्या, मी म्हणालो, "अगं विचारू नकोस."

मग या वर्षी दुसरा लॉकडाऊन आला. घरापासून पाच किलोमीटरचं वर्तुळ, त्यापलीकडे जायला बंदी, आणि तुझं घर माझ्या वर्तुळाबाहेर. आपण ठरवलेली जुलैची ट्रिप रद्द झाली. तू फोनवर म्हणालास, "बर्फ कुठे जात नाही. पुढच्या वर्षी." ऑगस्टमध्ये एका सकाळी अनघाचा फोन आला.

फ्युनरलला दहाच माणसांना परवानगी. मी अकरावा, बारावा, कितवा तरी. आम्ही लॅपटॉपवर लिंक उघडून डायनिंग टेबलाशी बसलो, मी वरती इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा. लिंकवरून दोन-दोन मिनिटं बोलायला दिली होती. एकाने म्हटलं, "आमचा हॉर्न शांत झाला." चौकटीचौकटीत लोक रडता रडता हसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात अनघाने मान खाली घातली. मग माझी पाळी आली. मी म्हणालो की तू फार काळजी घेणारा माणूस होतास. बस, एवढंच बोललो.

लॅपटॉप बंद केला तर ईरा माझ्याकडे बघत होती. "Dad," ती म्हणाली, "but uncle yelled after. We were already sliding."

"तुला काय माहीत? तुझ्या कानात गाणी होती."

"My phone was dead, बाबा. I heard everything."

पोरीला सगळं माहीत होतं. वर्षभर ती ग्रुपवरचे विनोद माझ्याकडून ऐकत होती आणि गप्प होती, कारण बाबा सांगतात ते तसंच असणार, किंवा बाबांना तसंच हवं असणार. यातलं कुठलं जास्त वाईट, मी ठरवू शकलो नाही. तिला नुकतीच शिकाऊ ड्रायव्हरची एल प्लेट मिळाली होती. तिला गाडी मीच शिकवणार होतो.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. आधी वाटलं, आपण कुठेतरी थोडे बरोबर निघू. इंजिनाच्या ओढीचे ते वीस टक्के मला असेच मिळाले. पण जितकं वाचावं तितकं तुझंच ऐकू यायचं. "ब्रेक सोड" हेसुद्धा बरोबर होतं. दाबून धरलेलं चाक सगळी पकड थांबण्यातच खर्च करतं, वळायला काही उरत नाही. ब्रेक जरा सैल केला असता तर चाक फिरलं असतं आणि फिरणारं चाक वळतं. अखेरीला गाडी डावीकडे वळली, ती बहुधा घाबरून माझाच पाय निसटला म्हणून. म्हणजे आपण तिघं वाचलो ते मी शेवटी, चुकून, तुझं ऐकलं म्हणून. हे मी वहीत लिहिलं आणि वही मिटून ठेवली.

ऑक्टोबरात वर्तुळं उठल्यावर मी गिरावीनला गेलो. अनघा मास्क लावून गेटशी आली. आत ये म्हणाली, मी म्हटलं आधी ऐक. आणि सांगितलं. गाडी आधी घसरली, तो नंतर ओरडला. माझी चूक झाकायला मी उलटं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला माहीत होतं ना हे?"

"हो."

"आणि तरी तो तुम्हा लोकांचं हॉर्न-हॉर्न ऐकून घेत राहिला?"

"हो."

"मी त्याला बोलले होते, संजय. तुझ्यामुळे ईराला काही झालं असतं म्हणून बोलले होते. गाडीत असं ओरडतं का कुणी, म्हटलं. तो म्हणाला, चुकलं माझं."

मी "सॉरी" म्हणालो. ती म्हणाली, "हे त्याला सांगायचं होतंस. मला आता सांगून मी काय करू?" ती चिडली होती आणि ते तसंच हवं होतं. मग म्हणाली, "ग्रुपवर लिही. जसं तेव्हा लिहिलंस ना, तसंच, सगळ्यांसमोर." मी तिथेच, गेटशी उभा राहून लिहिलं. तिने ते तिच्या फोनवर वाचलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, आता दार लागणार.

ती परत आली ती एक निळा खोका घेऊन. म्हणाली, "त्याची गाडी विकली. गॅरेजमध्ये चेनचे दोन खोके निघाले. एक गाडीबरोबर दिला. हा कशाचा आहे कळत नाही, त्याच्या टायरला बसतच नाही. तुला हवा तर ने."

खोक्याचं सील फोडलेलं नव्हतं. वर छापलेला साइज, २२५, ६०, १७. खाली मार्करने तुझं ते सरळ, किरटं अक्षर: "पुढच्या चाकांना. पाच मीटर गेल्यावर परत आवळणे."

मी रस्त्यावर आलो, माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसलो आणि धुळीत बोट फिरवून टायरवरचा आकडा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा. २२५, ६०, १७. तू कधी वाचलास रे? त्या बर्फाच्या ढिगाशी, मी फोनवर विम्यासाठी फोटो काढत होतो तेव्हा? की नंतर कधी आमच्याकडे जेवायला आलास आणि बूट घालायला वाकलास तेव्हा? मी जगाला तुझ्यावर हसवत होतो आणि तू माझ्या टायरचा साइज पाठ करून गेलास. आणि मला खोका दिला का नाहीस? देताना "बघ, मी सांगितलं होतं" असं झालं असतं म्हणून? मला वाटतं तू हिवाळ्याची वाट बघत होतास. वर जाऊन, काही न बोलता, नुसता डिकीतून काढून ठेवला असतास.

माझ्याने तिथून उठवेना. अनघा बाहेर आली, तिने आकडा बघितला, खोका बघितला. तीही खाली बसली. आम्ही दोघं तुझ्या दारासमोर एका टायरशी बसून रडलो आणि पलीकडच्या म्हाताऱ्याने नळी बंद केली.

उठताना ती म्हणाली, "मला घेऊन जा वर. जुलैत. ते वळण मला बघायचंय."

काल आमच्या ड्राइव्ह-वेमध्ये मी पहिल्यांदा चेन लावून बघितली. चौतीस डिग्री. केतकीचे हातमोजे. ईरा गाडीत, फोनवर घड्याळ लावून. मी दोनदा उलटी लावली. तिने खिडकीतून विचारलं, "So all-wheel drive is useless?" मी म्हटलं, नाही गं, निघायला, चढायला फार छान. आणि मग तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, पळायला कुणाची चार, कुणाची दोन, थांबायला सगळ्यांची चारच. ती म्हणाली, "Who said that?" मी म्हटलं, काका. मग तिने गाडी हळू पुढे घेतली, पाच मीटर काही आमचा ड्राइव्ह-वे नाही, चार असतील, आणि मी परत खाली बसून आवळली. खरंच सैल झाली होती. सत्तावीस मिनिटं लागली. तुला सहा लागायची.

जुलैपर्यंत वेळ आहे, मी दर शनिवारी करणार आहे. उतरताना गिअर खालचा ठेवेन, माझ्या वीस टक्क्यांसाठी. तुझ्या जागी अनघा बसेल. तिला सांगून ठेवलंय, भीती वाटली की ओरड, मोठ्याने ओरड. मी ब्रेक सोडेन.